खालचा हात

माझी बायको गेल्यावर जो कोणी भेटायला यायचा, तो आधी माझ्याकडे पाहायचा आणि मग समोरच्या खोलीत दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या टेकवलेल्या त्या लाकडी चौकटीकडे. चौकटीवर जुनी ओढणी झाकलेली होती. शेजारच्या किराणावाल्याने विचारलं, "ये क्या है भैया, कॅरम?" आमच्या गल्लीत सगळे हिंदीच बोलतात. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला काही तरी बोलायचं असतं, हे मला कळतं, म्हणून मी "हो" म्हणालो. तोही बिचारा मान हलवत बसून राहिला.

तो कॅरम नव्हता. सागाच्या चार पट्ट्या होत्या आणि त्यांच्यावर ताणून बसवलेलं जाड जाळीचं कापड होतं. पोरगी त्याला कॅनव्हास म्हणते. त्या कापडावर माझ्या बायकोने लोकरीने एक पिंपळ भरला होता. पूर्ण नाही. उजवीकडचा खालचा कोपरा कोरा होता. तो कोरा कोपरा माझ्या उरावर येऊन बसला होता, आणि हे सगळं मी त्या कोपऱ्यापायीच सांगतो आहे.

मी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये फिटर होतो. सारा जन्म त्यातच गेला. बायको घर सांभाळायची आणि दुपारी भरतकाम करायची. टाका एकच, तिरपा. सुई एका भोकातून वर काढायची आणि बाजूच्या वरच्या भोकातून खाली घालायची. पाय पसरून, कापड मांडीवर घेऊन, टीव्हीकडे अर्धा डोळा ठेवून तिचं काम चालायचं. पोपट झाले, गुलाबाची टोपली झाली, 'सुस्वागतम्' झालं. पण टाका तिरपा आणि ओढ सगळी एकाच बाजूला, त्यामुळे कापडही हळूहळू तिकडेच कलायचं. सुरुवातीला चौकोन घेतलेला असायचा, शेवटी शंकरपाळा निघायचा. आमच्या घरातली एकही भरलेली चीज सरळ नाही. पोरगी लहानपणी म्हणायची, "आई, पोपट वाकडा आहे की आपली भिंत?"

पोरीचं हसणं बायको मनावर घेत नसे. मी टोमणे मारायचो, तेही नाही. ती मनावर घ्यायची एकाच माणसाचं, तिच्या आईचं.

सासूबाई कामठ्याला राहतात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली, त्याला बरीच वर्षं झाली. बायकोचं प्रत्येक काम आधी कामठ्याला जायचं. म्हातारी ते मांडीवर पसरायची आणि बोटांनी पाहायची. हे पान, ही चोच, हा देठ, सगळं बरोबर सांगायची. मग शेवटी दोन समोरासमोरचे कोपरे मुठीत धरायची आणि ओढायची. ओढलं की कापड सरळ व्हायचं, सोडलं की परत शंकरपाळा. "काम चांगलं हाये वं बाई," ती म्हणायची, "पन हे तिरपं काऊन राहते?" त्यात राग नसायचा, टोचून बोलणंही नसायचं. पण परतीच्या बसमध्ये माझी बायको खिडकीबाहेर तोंड करून बसायची आणि गोंदिया येईपर्यंत एक शब्द बोलायची नाही.

कामठ्याच्या विहारामागे एक पिंपळ होता. त्याच्याभोवती दगडी पार बांधलेला. वंदना झाली की बाया पारावर बसायच्या, आणि त्यात सासूबाईंची जागा ठरलेली होती, पाराच्या उजव्या टोकाला. दुसरी कोणी चुकून बसली तर तिला उठावं लागायचं. एका वादळात तो पिंपळ मुळासकट आडवा झाला आणि पारही फुटला. पिंपळाचं लाकूड कोणाच्या कामाचं नसतं. ते ओढून नेलं, दगड उचलले, जागा सपाट करून सिमेंट टाकलं. म्हातारीला ते दिसत नव्हतं हे एका परीने बरंच झालं, पण पायांना कळलंच ना. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ती लेकीला म्हणाली, "तू तो पिंपर भर. आपन विहारात लावू. आन काच नोको लावू त्याले. मले हात लावता आला पाह्यजे."

बायको हो म्हणाली. बसमध्ये नेहमीसारखी गप्प बसली नाही. म्हणाली, "हे एक तरी सरळ निघालं पाहिजे. मायनं ओढून नाही पाहिलं पाहिजे."

पोरगी नागपूरला नोकरीला आहे. तिने तिकडून चांगला जाड कॅनव्हास पाठवला, लोकरीच्या लडी पाठवल्या, आणि वर सांगितलं की आई, आता मांडीवर घेऊन भरायचं नाही, लाकडाच्या पट्ट्यांवर ताणून घ्यायचं, म्हणजे कापड कलणार नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हे तर माझंच काम आहे.

खोटं नव्हतं. मिलमध्ये धान साफ करायच्या जुन्या चाळण्या लाकडी असायच्या. लाकडाची फ्रेम आणि तिच्यावर ताणलेली तारेची जाळी. जाळी सैल पडली की धान पुढे सरकत नाही, मधोमध गोळा होऊन नुसतं नाचत राहतं. त्या जाळ्या ताणण्यात माझा हात धरणारा मिलमध्ये कोणी नव्हता. नवीन मशीन आली तेव्हा जुन्या फ्रेमा भंगारात निघाल्या. त्यातल्या दोन मी घरी आणून ठेवल्या होत्या. बायकोने त्यावरून किती कटकट केली होती. आता मी ऐटीत माळ्यावरून त्या काढल्या, साग घासला, पट्ट्या कापल्या, चारही कोपरे खिळ्यांनी ठोकून पक्के केले आणि कापड पिनांनी चहूबाजूंनी असं आवळलं की बायको पाहतच राहिली.

पावसाळा लागला आणि माझी ऐट उतरली. आमच्याकडे चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, पाणीच पाणी, भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. कापडाची खळ नरम पडली आणि मधोमध पोट आलं. कोपरे तर मी खिळ्यांनी ठोकून बसवलेले, आता ताणू कुठून? लोखंडी जाळी पावसाने सैल होत नाही, कापड होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोने बोटाने टिचकी मारून पाहिली. "भद" असा आवाज आला. ती एवढंच म्हणाली, "ढिलं आहे." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोनवर पोरगी म्हणाली, "बाबा, खिळे मारतच नाहीत. मी व्हिडिओ पाठवला होता, पाहिला नाही ना?" पाहिला नव्हता. मग पाहिला. पट्टीच्या टोकाला खाच करायची, एका पट्टीचं टोक दुसरीच्या खाचेत सरकवायचं. खिळा नाही, सरस नाही. आतल्या बाजूने प्रत्येक कोपऱ्यात लाकडाची छोटी पाचर घालायची. कापड सैल पडलं की पाचरीवर हातोडी टेकवायची, पट्ट्या केसभर बाहेर सरकतात आणि कापड आपोआप ताणलं जातं. साधी गोष्ट, पण शहाणपणाची. मी गुपचूप खिळे उपटले आणि सगळं नव्याने केलं. पाचरी ठोकल्यावर बायकोने परत टिचकी मारली. "टण" वाजलं. ती मान हलवून म्हणाली, "आता झालं." त्यानंतर रोज काम सुरू करण्याआधी ती टिचकी मारायची. आवाज बसका आला की मला हाक यायची आणि मी हातोडी घेऊन यायचो.

ताणलेल्या कापडाची एक अडचण असते. मांडीवरच्या सैल कापडात सुई एका झटक्यात आत-बाहेर काढता येते, एका हाताचं काम. ताणलेलं कापड वाकतच नाही. सुई वरून सरळ खाली सोडायची, ती खालच्या हाताने धरून ओढायची, आणि मग खालच्या हाताने पुढच्या भोकातून वर पाठवायची. एक हात वर, एक हात खाली, आणि खालच्याला काही दिसत नाही. सुरुवातीला ती वैतागली. टीव्ही पाहता येईना. मग हळूहळू डाव्या हाताला भोकं समजायला लागली आणि ती गुणगुणत भरू लागली. सुरुवात वरून केली. आधी आभाळ, मग शेंडा, मग पानं. पार सगळ्यांत शेवटी ठेवला. मी म्हटलं, सोपं आहे ते, आधी करून टाक. ती म्हणाली, "मायची जागा शेवटी."

अर्धी पानं झाली होती तेव्हा एका सकाळी तिच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. मी म्हणालो, "लक्ष कुठं आहे तुझं?" ती काही तरी बोलली, पण ते शब्द नव्हते. लकवा होता. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाय थोडा उचलत होती, बोलणं हळूहळू परत आलं, पण डावा हात मांडीत ठेवल्यासारखा पडून राहायचा. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. मी तो तिच्या मुठीत द्यायचो, ती उजव्या हाताने काढून पलंगाखाली टाकायची. मी परत काढून द्यायचो. माझाही पारा चढायचा. "तुले बरं व्हायचंच नाही," असं मी एकदा ओरडलो. ती माझ्याकडे न पाहता चौकटीवरच्या ओढणीकडे पाहत राहिली.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "ते काढा." मी ओढणी काढली. "इकडं आणा." मी एक खुर्ची या बाजूला, एक त्या बाजूला अशी ठेवून चौकट तिच्यासमोर आडवी टेकवली. तिने टिचकी मारली. भद. मी हातोडी आणली, पाचरी ठोकल्या. तिने परत वाजवून पाहिली. मग उजव्या हाताने सुई उचलली, एका भोकात घातली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "खाली हात द्या."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पाटावर बसलो आणि डावा हात चौकटीखाली नेला. वरून सुईचं टोक माझ्या बोटाला लागलं. ही सुई बोथट असते, टोचत नाही. मी ती धरली आणि ओढली.

"हळू. काऊन एवढं ओढून राहिले? बोल्ट कसून राहिले का?"

"मग सांग ना किती ओढू."

"लोकर कापडाले लागली की थांबायचं. दाबायचं नाही."

पहिले काही दिवस आमचं दोघांचं नुसतं भांडण झालं. सुई परत वर पाठवायची कोणत्या भोकातून, हे मला खालून दिसायचं नाही. ती वरून नखाने ठकठक करायची आणि मी त्या आवाजाखाली सुई लावायचो. चुकलो की तिची बडबड सुरू व्हायची. बोलणं अडखळत होतं, पण शिव्या मात्र सगळ्या साफ निघायच्या. मी म्हटलं, लकव्याने तोंडाचं एवढंच काम चांगलं ठेवलं. ती म्हणाली, तेवढ्यासाठीच ठेवलं. पुढे ठकठक लागेनाशी झाली. सुई खाली आली की माझ्या बोटांना आपोआप कळायचं आता कुठे जायचं. दुपारच्या जेवणानंतर रोज आम्ही तसे बसायचो, कापडाच्या वर ती, कापडाच्या खाली मी. मध्ये शब्द नसायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ कधी बसलो नव्हतो. मी मिलमध्ये, ती घरात, असंच सगळं गेलं होतं. मला ते दिवस फार आवडले. तिला लकवा झालेला असताना मला ते आवडले, हे लिहायला विचित्र वाटतं, पण आहे ते आहे.

एकदा ती झोपली असताना मला वाटलं, आपण तिला खूश करू. पण वरच्या बाजूचं मला काहीच येत नव्हतं. मी जन्मात वरून एक टाका घातला नव्हता. मला माहीत होती ती खालची बाजू. म्हणून मी सरळ चौकट उलटी केली, खालची बाजू वर आणली आणि पिंपळाची एक फांदी भरून टाकली. चांगली जमली असं मला वाटलं. ती उठल्यावर चौकट परत सुलटी करून तिच्यासमोर ठेवली आणि पाहिलं तर काय, बाकीच्या पिंपळाचे टाके एकीकडे झुकलेले आणि माझ्या फांदीचे बरोबर उलटीकडे. उजेड पडला की ती फांदी वेगळ्याच झाडाची दिसायची. बायको पाहत राहिली. मला वाटलं, आता रडते. तिचं अर्धं तोंड हललं आणि ती हसायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. अर्ध्याच तोंडाने, पण पोट धरून. "उलट्या झाडाचा माणूस," म्हणाली. मग हसणं थांबलं आणि सगळं उसवायला लावलं. मी एकेक धागा काढत बसलो आणि ती वरून पाहत बसली.

पानं संपली, फांद्या संपल्या, खोड खाली उतरत आलं. पाराचा डावा भाग झाला, मधला झाला. आता फक्त उजवं टोक राहिलं. मी म्हणालो, थोडं उतरवून पाहायचं का, बाकीचं सरळ आहे की नाही? कारण चौकटीवर असेपर्यंत सगळंच सरळ दिसतं. पट्ट्यांनी ओढून धरलेलं असतं ना. पिना काढल्या की मग कापड आपलं खरं रूप दाखवतं. ती म्हणाली, "अर्धवट नाही काढायचं. पुरं झाल्यावर काढू. मी पाहीन आणि मग मायले देऊ."

दुसरा झटका आला तो तिला घेऊनच गेला. सकाळची वेळ होती, मी चहा टाकत होतो. सुई तशीच कापडाच्या कडेला खोचलेली होती, तपकिरी धाग्यासकट. काम थांबवताना ती नेहमी खोचून ठेवायची तशी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने वंदना करतात त्या दिवशी, सासूबाईंना गावातल्या बायांनी धरून आणलं होतं. लेकीच्या घरी त्या भिंतीला टेकून बसल्या. रडल्या नाहीत, किंवा रडून झालं असावं. सगळे उठले तेव्हा मला जवळ बोलावून विचारलं, "जवाई, पिंपर झाला का?" मी म्हणालो, थोडा राहिला आहे. त्या म्हणाल्या, "बरं." आणि उठल्या.

पोरगी म्हणाली, बाबा, मी पुरं करून देते. तिचा हात चांगला आहे, आईपेक्षा सफाईदार. पण मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला तिला सांगता आलं नाही. तिची सुट्टी संपली, ती गेली. घरात मी आणि ती चौकट. बरेच दिवस मी ओढणी उचलली नाही. भेटायला येणारे कॅरम समजून जात राहिले.

शेवटी एका दुपारी जेवलो, भांडी घासली आणि ओढणी काढली. टिचकी मारली. टण वाजलं. तिने शेवटचं वाजवल्यापासून कापड तसंच ताणलेलं होतं. मी पाटावर बसलो नाही, तिच्या जागी बसलो. डावा हात खाली गेला. त्याला काम माहीत होतं. उजव्याला काहीच माहीत नव्हतं. उजव्याने सुई उचलून भोकात घातली आणि खाली सोडली, आणि डाव्या हाताच्या बोटांना सुईचं टोक लागलं, अगदी रोज लागायचं तसं. तेव्हा मला रडू आवरलं नाही. मी सरळ सांगतो, मी लहान पोरासारखा रडलो, चौकटीखाली हात तसाच ठेवून.

पाराचं उजवं टोक मी भरलं. टाके सगळे बरोबर बाजूला झुकलेले, ते मी नीट पाहून घेतलं. पण वर बसलेल्या माझ्या उजव्या हाताला ओढायचं किती हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि बोल्ट कसून राहिले का म्हणणारं कोणी नव्हतं.

मग पिना काढल्या. कापड सुटलं, मी ते पलंगावर पसरलं आणि माझ्या पेटीतला गुण्या आणला. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या, मिलमधला. वरच्या डाव्या कोपऱ्याला लावला. बसला. वरचा उजवा, बसला. खालचा डावा, बसला. कड कशी, लोखंडाला लोखंड लावावं तशी. तिने आयुष्यात पहिल्यांदा सरळ काम केलं होतं आणि ते पाहायला ती नव्हती. चौथा कोपरा बसला नाही. लाकडात किंवा लोखंडात तीन कोपरे काटकोनात असले की चौथा बसतोच, नाही बसून जाईल कुठे. कापडाचं तसं नसतं. कड सरळ येते आणि अगदी शेवटी आत ओढली जाते. माझ्या ओढीने तो कोपरा आत गेला होता. मी कापड पुन्हा चौकटीवर ताणलं आणि तो भाग उसवून परत भरला. परत तेच. तिसऱ्यांदा उसवलं असतं तर जाळीचेच धागे तुटले असते. हात माझा असाच आहे, त्याला मी काय करू?

वैशाखातल्या पौर्णिमेला मी कामठ्याला गेलो. कापडाच्या वरच्या कडेला बांबूची काठी घातली होती, काच नव्हती. वंदना झाली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया बाजूला बसल्या होत्या. भिंतीला लावायच्या आधी मी पिंपळ सासूबाईंच्या मांडीवर पसरला. त्यांची बोटं शेंड्यापासून निघाली. हे पान, ही फांदी, हे खोड. पारावर आली. डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि त्या टोकाशी थांबली. "हे माही जागा," त्या म्हणाल्या. मग बोटं कडेवर आली आणि कोपऱ्यावर गेली. तिथे त्यांना ते लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, त्यांना काहीच नवल वाटलं नाही. लेकीचं काम नेहमीच असं असायचं. त्यांनी सवयीने दोन समोरासमोरचे कोपरे मुठीत धरले, ओढायला.

"माय, ओढू नका," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. विहारातले सगळे वळून पाहायला लागले.

मी पिशवीतून गुण्या काढला. तो बरोबर का आणला होता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी तो वरच्या डाव्या कोपऱ्याला लावला आणि म्हातारीचं बोट धरून लोखंडावरून आणि कापडावरून सोबत फिरवलं. "सरळ आहे?" तिने परत आपलं आपण बोट फिरवलं. "सरळ हाये." दुसऱ्या कोपऱ्याला लावला. "सरळ हाये." तिसऱ्याला लावला. तिथे तिचं बोट बराच वेळ जात-येत राहिलं.

"हे तिनं केलं," मी म्हणालो. "तिचं सगळं सरळ आहे. तो एक कोपरा माझा आहे. ती गेल्यावर मी भरला."

सासूबाईंनी चौथ्या कोपऱ्यावर तळवा ठेवला. भिंतीला खिळा मारणारा माणूस खाली उतरून वाट पाहत होता. त्याने पिंपळ टांगला, मागे सरकून पाहिलं, आणि म्हणाला की खालची कड उजवीकडे वर जाऊन राहिली, आणि काठी कलती करायला लागला. म्हणजे माझा कोपरा सरळ दिसेल आणि तिचे सगळे वाकडे होतील.

"त्याले हात नोको लावू गा," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या कोपऱ्यांवरून सरळ लाव. जवाईचा वाकडा दिसला तं दिसू दे."

त्याने तसाच लावला.